माझ्या उजव्या मांडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय आयुष्यभर दुसऱ्यांचे मेंदू आणि स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते डोके पुढे कोणत्या ठिकाणी न्यायचे, हे कलम चारमध्ये सांगितले आहे.

कलम एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. तिने जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घ्यावा. कारण पुढे येईल.

कलम दोन. माझे शोधनिबंध. यांतल्या बहुतेकांवर आमच्या माजी विभागप्रमुखांचे नाव आहे. काचपट्टी कोणत्या बाजूने धरतात हेही त्यांना ठाऊक नव्हते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्यांचे नाव असलेल्या सर्व निबंधांच्या प्रती बांधून त्यांना पोचवाव्यात आणि एकदा तरी वाचाव्यात अशी विनंती करावी. नावांच्या क्रमावरून मी पुष्कळ भांडले. पहिले नाव माझेच हवे म्हणून एकदा छपाईही थांबवली होती. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

कलम तीन. दोघांना एकाच वेळी पाहता येते असा माझा स्वतःचा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत माझ्या समोरच्या खोलीत बसणाऱ्या सहकारी गृहस्थांना द्यावा. त्यांना सगळे जाळीवाले म्हणतात. हे नाव मी पाडले. स्नायूचा तुकडा द्रव नायट्रोजनच्या थंडीत क्षणात गोठवावा लागतो. सावकाश गोठला तर आत बर्फाचे कण होऊन भोके पडतात. यांनी तरुणपणी एक तुकडा साध्या फ्रिजमध्ये ठेवला, भोके पाहून हरखले आणि ‘जाळीदार स्नायुविकार’ नावाचा नवा आजार छापून मोकळे झाले. मी त्याच नियतकालिकाला पत्र धाडले: आजार खरा आहे, फक्त तो रुग्णाला नसून फ्रिजला आहे. माझ्या साऱ्या लेखनात लोकांनी सर्वांत जास्त वाचले ते हे पत्र. जाळीवाल्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. समोरासमोर खोल्या, चहाची किटली एकच, आणि निरोप सगळे तंत्रज्ञबाईंच्या मार्फत. पुढे दोघेही निवृत्त झालो, तरी खोल्या कोणी सोडल्या नाहीत.

कलम चार. माझा देह. काही वर्षांपासून माझ्या मांड्यांतले बळ जात आहे. एकदा तुकडा काढून तपासला. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण गोठवणाऱ्याचा हात संथ पडला आणि माझेच शीत भोकांनी भरलेले निघाले. आता श्वास इतका कमी पडतो की पुन्हा चिरायला कोणी धजत नाही. शिवाय मूळ दोष स्नायूत आहे की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, हे जिवंत माणसाला कापून पाहता येत नाही.

प्रश्न माझ्या एकटीचा असता तर ‘वय झाले’ म्हणून मी सोडून दिला असता. पण यंदा बहिणीची मुलगी जिना चढताना कठडा धरू लागली. गुडघ्यांवर हात टेकून खुर्चीतून उठते, हुबेहूब माझ्यासारखी. परवा तिने विचारले, "मावशी, मलाही तेच आहे का?" जन्मभर याच विषयावर लिहून मला तिला "माहीत नाही गं" एवढेच सांगता आले. त्या दिवशी मला माझ्या सगळ्या निबंधांचा राग आला.

म्हणून मी समोरच्या खोलीचे दार ठोठावले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्या फ्रिजनंतर जाळीवाल्यांइतक्या काळजीने स्नायू कोणी गोठवत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. माझे सगळे त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "गोठवीन मी. पण भोकं दिसली तर पत्र कोण लिहिणार?"

मला हसता हसता रडू आले. त्यांनी किटली पुढे केली.

तरी माझा मेंदू, मज्जारज्जू आणि उजवी मांडी त्यांच्या स्वाधीन करावी. डावी पार वाळली आहे, तिच्यात चरबीखेरीज काही सापडायचे नाही. मी गेल्यावर आधी त्यांना फोन करावा, मग नातेवाइकांना. रडणे थोडे थांबू शकते, स्नायू थांबत नाही.

कलम पाच. काचपट्ट्या तयार झाल्या की सूक्ष्मदर्शकाच्या एका बाजूला जाळीवाल्यांनी बसावे आणि दुसऱ्या बाजूला माझ्या भाचीला बसवावे. जे दिसेल ते तिला साध्या भाषेत, काही न लपवता सांगावे. मग त्यावर निबंध लिहावा. पहिले नाव जाळीवाल्यांचे. माजी विभागप्रमुखांचे कुठेही नको. माझेही येणार नाही, कारण रुग्णाचे नाव छापायची रीत नाही. मात्र असा निबंध रुग्णाचे वय आणि तक्रार सांगूनच सुरू होतो, म्हणजे पहिले वाक्य माझ्यावर असेल, त्यात कोणाची ढवळाढवळ चालणार नाही.

साक्षीदार: तंत्रज्ञबाई (सही), शेजारचे शिंपीकाका (सही). जाळीवालेही सही करायला आले होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. ते रुसून किटली घेऊन गेले.

ठिकाण: प्रयोगशाळेमागची चहाची खोली. दिवस: सोमवार, महिन्याची अकरा तारीख.

लिहून ठेवणार: एकाहत्तर वर्षांची स्त्री, जिना चढताना त्रास.