बिडाचं कडं

नंदाखाल,
सोमवार, दि. १० फेब्रुवारी १९८६

चि. सरला हिस,

आशीर्वाद. पाच वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील, म्हणून आधीच सांगतो, काम साधं आहे. एक सही हवी आहे.

तू आईसाठी पाठवलेली ती लाकडावरची निर्धूर शेगडी. तिचं वरचं बिडाचं कडं, ज्यावर भांडं बसतं ते, वाकलं आहे. चहाचं पातेलं ठेवलं की एका अंगाला कलतं आणि फटीतून धूर येतो. आगाशीच्या लोहाराकडे नेलं होतं. तो म्हणाला, बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते ठोकून सरळ होत नाही, तडकतं. कंपनीकडूनच नवीन मागवा.

गॅरंटी तीन वर्षांची आहे, म्हणजे येत्या जूनपर्यंत. मी कंपनीला चार पत्रं टाकली. चौथ्याला उत्तर आलं की ज्यांच्या नावावर कार्ड आहे त्यांचीच सही लागेल, मग आमचा माणूस येऊन बघून जाईल. कार्ड तुझ्या नावावर आहे. तुझा नाशिकचा पत्ताही मला त्याच कार्डावर मिळाला. सोबत त्यांचा छापील कागद पाठवतो आहे. खाली फुली केली आहे तिथे सही कर. कार्डावर लग्नानंतरचं नाव आहे, तेव्हा तशीच कर. नुकसान कसं झालं ती जागा कोरी ठेव, ते मी इथे भरीन.

इकडे केळी बरी आहेत. विहिरीचं पाणी मात्र यंदा आत्तापासूनच मचूळ लागतं. बोळिंजकडे नव्या इमारतींचे पाये खणतायत, तिकडूनच गोडं पाणी ओढलं जातं असं जगन्नाथकाका म्हणतो. त्याचा गुडघा दुखतो, पण सकाळ-संध्याकाळ वाडीत चक्कर असते.

घरी आहे ते तसंच आहे.

कागद लवकर पाठव. कळावे.

हरिश्चंद्र


नंदाखाल,
रविवार, दि. ९ मार्च १९८६

चि. सौ. सरला हिस,

अनेक आशीर्वाद. तुझा लिफाफा १९ तारखेलाच मिळाला. सही नीट होती. कागदाच्या मागे तू पेन्सिलीने एक ओळ लिहिली होतीस, ‘बाबा, आणखी काही लिहायचं राहिलंय का?’ मी ती वाचली आणि कागद घडी करून फडताळात ठेवला. पोचही कळवली नाही.

कंपनीचा माणूस २७ तारखेला, गुरुवारी आला. सबनीस नाव, चष्मा लावलेला, तिशीतला. आगाशीपासून उन्हात चालत आला होता. मी त्याला शहाळं दिलं. त्याने कडं काढून ओट्यावर ठेवलं, खाली पट्टी घालून वाक मोजला आणि म्हणाला, “काका, नुसत्या स्वयंपाकाने हे एवढं वाकत नाही. खरं सांगा, भांडं न ठेवता शेगडी कधी पेटती राहिली होती का?”

तसं झालं असेल तर गॅरंटी चालत नाही, हे कार्डामागे छापलेलं मला ठाऊक होतं. चारही पत्रांत मी लोखंडाचाच दोष आहे असं लिहिलं होतं. लोहारालाही तेच सांगितलं होतं. पण त्या कागदाखाली तुझी सही होती. तिच्यावर खोटं भरून घेणं मला जमलं नाही. मी म्हणालो, “हो, राहिली होती.”

“किती वेळ?”

“सकाळी नऊपासून दुपारी दोन वाजेपर्यंत.”

“पाच तास? घरात कोणी नव्हतं का?”

“घर भरलेलं होतं,” मी म्हणालो. “चाळीसएक माणसं होती. शेगडीकडे कोणी बघितलं नाही.”

त्याने पेन खाली ठेवलं. मग मी त्याला सांगितलं. त्याला जे सांगितलं तेच आता तुला लिहितो. आधी तुला लिहायला हवं होतं.

तुझी आई ३ डिसेंबरला गेली.

दिवाळीपासून छाती भरलेली होती. वसईच्या डॉक्टरांची औषधं चालू होती. मधे आठ दिवस बरं वाटलं, उठून तुळशीला पाणी घालून आली, मग पुन्हा पडली. त्या दिवशी सकाळी तिला पेज हवीशी वाटली. मी जन्मात कधी चूल पेटवली नव्हती हे तुला माहीत आहे. अंथरुणावरून ती मला सांगत होती, आधी नारळाचं सोडण घाला, मग बारीक लाकूड. मला घाई होती, म्हणून मी करवंट्या भरल्या, गच्च. पेज झाली. तोपच उचलून तिच्याजवळ नेला. दोन चमचे घेतले तिने, तिसरा नको म्हणाली. मी तोप खाली ठेवून तिच्याकडे वळलो तर ती माझ्याकडे बघत नव्हती.

पुढे माणसं आली. शेगडीत माझ्या करवंट्या होत्याच. नंतर कोणीतरी आंघोळीचं पाणी तापवायचं म्हणून आणखी लाकडं घातली असतील आणि पाण्याचा हंडा बाहेरच्या चुलीवर नेला असेल. स्मशानातून परत आलो तेव्हा दोन वाजले होते. कडं तोवर लाल झालं होतं. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. जगन्नाथने हात धरून मला बाहेर नेलं.

तेव्हापासून मी जेवतो, झोपतो, केळ्यांना पाणी सोडतो. लोक येतात, मला रडता आलं तर बरं वाटेल असं सांगतात. मला बरं किंवा वाईट असं काही वाटत नाही. ते कडं बदलून आणायचं, एवढंच सकाळी उठल्यावर डोक्यात येतं.

सबनीसने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “काका, मी ‘नाही’ लिहितो. कंपनीला काय फरक पडतो?”

“नको,” मी म्हणालो, “हो लिहा.”

त्याने ‘हो’ लिहिलं. आठवड्याभरात कंपनीचं कार्ड आलं, मागणी नामंजूर. ते बरोबरच आहे.

तो गेल्यावर मी फडताळातून तुझा कागद काढला. कंपनीचा भाग तो घेऊन गेला होता, पण तुझी ओळ असलेला अर्धा मी फाडून ठेवला होता. तो घेऊन कुंपणापलीकडे जुलियानामावशीकडे गेलो. म्हटलं, “पोरीने असं का विचारलं असेल? हिला कोणी काही कळवलंय का?”

ती पाटीत फुलं भरत होती. हात न थांबवता म्हणाली, “मी कळवलं, हरीभाऊ. त्याच दिवशी पत्र टाकलं. तुम्ही कळवणार नाही, मला म्हायती होतं.”

आणि मग तिने सांगितलं की तू बाराव्याला आली होतीस. तू आणि बेसिल. सकाळपासून तिच्या स्वयंपाकघरात बसली होतीस, आणि तिथल्या खिडकीतून आमचा मांडव दिसतो.

सरला, त्या दिवशी जुलियाना माझ्याकडे आली होती. मी पानं मांडायला सांगत होतो. तिने हळूच विचारलं, “हरीभाऊ, सरला आली तर बसू द्याल ना तिला?” मला वाटलं सहज विचारते आहे. मी म्हणालो, “आज नको.” एवढंच म्हणालो आणि पानांकडे वळलो. तू तीस पावलांवर आहेस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय म्हणालो असतो, हे मी गेले दहा दिवस स्वतःला विचारतो आहे. उत्तर येत नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हे असंच लिहितो.

जुलियाना म्हणाली, तू जेवली नाहीस. बेसिलने तुझ्यासाठी पान मागितलं, तू नको म्हणालीस. संध्याकाळी मांडव सुटताना तुम्ही मागच्या वाटेने निर्मळला गेलात आणि तिथून बसने.

आणखी एक राहिलं आहे. आईने आजारात दोनदा तुझं नाव काढलं होतं. पहिल्यांदा म्हणाली, सरूला बोलवा. मी म्हणालो, बरी हो, मग बघू. दुसऱ्यांदा नुसतं ‘सरू’ म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी उठून वाडीत गेलो. पाणी सोडायचं नव्हतं तरी गेलो. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. तुझ्या आणि बेसिलच्या लग्नाच्या वेळी मी दारात जे बोललो ते ती विसरली नव्हती. मी ते मागे घेईन अशी वाट बघत होती की नाही, ते आता कळायचं नाही.

हे सगळं तुला पत्राने कळवून भागणार नाही. येत्या रविवारी मी नाशिकला येतो. दुपारपर्यंत पोचेन. आईच्या दोन साड्या आणि तिच्या हातच्या बांगड्या आणतो आहे, त्या तुझ्याच आहेत, त्यात देण्याघेण्याचं काही नाही. बेसिलला सांग. त्याने घरी थांबायचं की बाहेर जायचं ते त्याने ठरवावं. थांबला तर मी त्याच्याशी बोलेन. काय बोलेन ते अजून ठरलेलं नाही, पण पहिला बोलेन मी.

तू दार उघडलं नाहीस तरी मला समजेल. मग मी थोडा वेळ बाहेर बसेन, पिशवी शेजाऱ्यांकडे ठेवीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन. उत्तराची वाट बघत नाही. तू नको म्हणालीस तर निघायचं धैर्य राहणार नाही, म्हणून उत्तर येण्याआधीच निघतो आहे.

तुला आईच्या बाराव्याला उपाशी परत पाठवणारा,
तुझा बाबा