आधी मेलेला माणूस दाखवा

रूमाह नारोक, नांगा सेलिंबाव,
कापितपासून होडीने वर अडीच तास
(गवाईचा सण तीन आठवड्यांवर)

चि. उंग्गात यास,

थोरल्या बहिणीचे, म्हणजे मेंगानताईचे, भरपूर आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या बायकोला दे, तिला जास्त गरज आहे. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही ठीक आहेत. एका छपराखालच्या आपल्या लांबघराची अठ्ठावीसही दारं, सगळी कुटुंबं, सुखरूप आहेत, मिरी वाळत घातली आहे, डुकरिणीला नऊ पिल्लं झाली. पत्र लिहिते आहे कारण फोनवर मी काही सांगायला लागले की तू ‘हं, हं’ करतोस. कागदाला हं करता येत नाही. तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच. (शेवट आधी वाचू नकोस. लहानपणापासून तुला ती खोड आहे.)

तुझ्या लेकीनं, जारानं, सिनेमात काम केलंय हे तुला ठाऊक आहे. पण तू तिला फोनवर ‘कसला व्हिडिओ?’ असं विचारलंस म्हणे. अरे व्हिडिओ नव्हे, सिनेमा! पावणेदोन तासांचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या इबान भाषेतला, आपल्याच घरात घेतलेला. गोष्ट एका शहरात वाढलेल्या मुलीची. बाप वारल्यावर ती त्याच्या लांबघरी येते; तिला ना भाषा येत, ना रीत. परतायचं की राहायचं, हे ठरवता ठरवता ती मोठी होते. दिग्दर्शक क्लेमेंट, कुचिंगचा, पण आजोळ आपल्याच नदीचं. परीक्षा संपवून तुझी लेक निकालाची वाट बघत माझ्याकडे आली होती. क्लेमेंट जागा बघायला आला तेव्हा ही धक्क्यावर बसून होडीवाल्याशी भांडत होती. तो म्हणाला, “आत्या, हीच ती. हिला येतं का काही?” मी म्हटलं, “भांडण येतं. बाकी शिकवू.”

शिकवण्याचं ऐक. तुझ्या लेकीची समजूत अशी की मलय शब्दाच्या शेवटी ‘आय’ जोडलं की झालं इबान. मलयमध्ये जेवण ‘माकान’, आपलं ‘माकाय’. चालणं ‘जालान’, आपलं ‘जालाय’. इथवर ठीक. पण पठ्ठीनं सगळ्या जगालाच शेपूट लावलं. चंद्र दोन्हीकडे ‘बुलान’च, तर तिनं त्याचाही ‘बुलाय’ केला. सबंध ओसरी पोट धरून हसली. जारा हसली नाही. आत गेली आणि चटईवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, “आत्या, शाळेत मी जंगलातली, इथे मी शहरातली. मग मी आहे तरी कुठली?” उंग्गात, मला उत्तर सुचलं नाही. (मला उत्तर सुचलं नाही असं आयुष्यात दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा तू समुद्रापलीकडे जोहोरच्या गोदीत जातो म्हणालास तेव्हा.) उत्तर नव्हतं म्हणून मी तिला काम दिलं. आपल्या घराण्याच्या अकरा पिढ्यांची नावं रोज सकाळी मिरी पसरताना म्हणायला लावली, अप्पा आपल्याला लावायचे तशी. म्हटलं, अर्थ राहू दे, जीभ तरी वळेल.

मग आली सिनेमाची मंडळी, तीन होड्या भरून. त्यांना शोभावं म्हणून घरप्रमुख नारोकदादांनी आठ दिवस आधीच ओसरीची भिंत निळी रंगवून घेतली होती आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलाफुलांचं प्लास्टिकचं जाजम अंथरलं होतं. क्लेमेंटनं पायरीवरूनच ते पाहिलं आणि तो खालीच बसला. त्याला जुनी बांबूची जमीन हवी होती! दोन दिवस अख्खं घर जाजम उपटत होतं. निळा रंग काही निघेना, तेव्हा भिंतीवर बायकांनी आपापली विणलेली कापडं टांगली. त्यात माझी तीन. तिसरं फ्रीझर झाकायला वापरलं, पण सिनेमात सगळ्यात ठळक तेच दिसतं, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

नारोकदादांचं म्हणणं, घर माझं तेव्हा मी प्रत्येक दृश्यात हवा. क्लेमेंट मान वळवून बघतो तर दादा कुठल्या तरी खांबामागून हजर, डोक्यावर पिसांची टोपी. शेवटी त्यांना ‘शांतता’ म्हणून ओरडायचं काम दिलं. ते इतक्या जोरात ओरडत की घरातले चाळीस झुंजीचे कोंबडे जागे होऊन एकसाथ आरवत. कोंबड्यांवर टोपल्या घातल्या. टोपली काढली की कोंबड्याला वाटे उजाडलं. त्या महिन्यात आपल्या घरी दिवसातून नऊदा सकाळ होत होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं. खरी अडचण आली ती मेलेल्या बापाच्या शोकाच्या दृश्याला. क्लेमेंटनं लिहिलं होतं की म्हातारी रेमी बापासाठी मरणाचं गाणं म्हणते आणि मुलीला पहिल्यांदा रडू फुटतं. रेमीआजी तुला आठवते ना? अप्पांच्या वेळी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकटीनं गाऊन तिनंच त्यांना पलीकडे पोचवलं. आता नव्वदीला आली, आवाज अजून तसाच. ती नटूनथटून आली, बसली, पानाचा विडा लावला आणि म्हणाली, “हं, कुठाय?”

“कोण, आजी?”

“मेलेला माणूस.”

क्लेमेंट म्हणाला, “मेलेलं कुणी नाही, आजी. हा सिनेमा आहे, खोटं खोटं.”

“गाणं खोटं नाही माझं,” ती म्हणाली. “मी वाट दाखवायला लागले की कुणीतरी उठून चालायला लागणार. माणूस नसेल तर कुणाला नेऊ? तुला नेऊ? आधी मेलेला माणूस दाखवा, मग गाते.”

नारोकदादांनी सभा बोलावली. तीन तास चालली, तांदळाच्या दारूच्या, तुआकच्या, दोन बरण्या संपल्या, आणि ठरलं ते सुरुवातीलाच सगळ्यांना माहीत होतं: प्रेत नसताना घरात ते गाणं होणार नाही. क्लेमेंटनं कपाळाला हात लावला. होड्या दुसऱ्या दिवशी परतणार होत्या. तो म्हणाला, याच दृश्यावर सगळा सिनेमा उभा आहे, हे नसेल तर गुंडाळा. मला त्याची दया आली आणि रेमीआजीचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटणं फार त्रासाचं.

तेव्हा जारा उठली. म्हणाली, “आजी, मरणाचं गाणं नको. पिढ्यांची नावं घेतली तर चालेल?”

रेमीआजीनं विडा गालात सरकवला. “नावं कुणाचीही घे. नावं घेतल्यानं कुणी मरत नाही. न घेतल्यानं मरतात.”

जारा भिंतीवरच्या बापाच्या फोटोसमोर मांडी घालून बसली. कॅमेरा सुरू झाला. पहिल्या पूर्वजापासून तिनं सुरुवात केली, आपण म्हणायचो तसंच, श्वास न घेता. सातव्या पिढीला अडखळली. मी ओठ हलवणार होते, पण तिनं बघितलंच नाही माझ्याकडे. थांबली, स्वतःच आठवलं, पुढे गेली. आपल्या अप्पांच्या नावापर्यंत आली. त्यापुढे कागदावर सिनेमातल्या बापाचं नाव लिहिलेलं होतं. ते तिनं घेतलं नाही. ती म्हणाली, “आणि उंग्गात. त्यानं मला ही नावं सांगितली नाहीत. त्याला वाटलं, मला ती ओझी होतील. मी उंग्गातची जारा. मला जड नाही झाली.”

एकही शेपूट चुकलं नाही रे. एकही नाही.

क्लेमेंट ‘कट’ म्हणायचं विसरला. नारोकदादांनी टोपी काढली. रेमीआजी रडत होती, पण न गाता, त्यामुळे कुठला नियम मोडला नाही. एक कोंबडा टोपलीतून आरवला, तोसुद्धा त्यांनी सिनेमात तसाच ठेवलाय.

गेल्या रविवारी क्लेमेंट तयार सिनेमा घेऊन आला. दुपारी ओसरीला चटया लावून अंधार केला आणि पांढऱ्या चादरीवर आम्ही सगळ्यांनी बघितला. लहानपणापासून आपण सिनेमे कसे बघितले? मलय, चिनी, इंग्रजी. खाली अक्षरं पळायची आणि ज्याला वाचता येई तो बाकीच्यांना सांगायचा. या वेळी अक्षरं दुसऱ्यांसाठी होती! खाली मलय पळत होतं आणि आमच्यातल्या एकानंही तिकडे बघितलं नाही. रेमीआजीला तर आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. ती माझ्या कानात म्हणाली, “मेंगान, हे लोक तर आपल्यासारखंच बोलतात!” उंग्गात, जहाजावर इबान कोण विचारतं, असं तू म्हणायचास. जहाजावर नसेल विचारत. चादरीवर विचारतात.

सगळ्यांस यथायोग्य सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझी थोरली बहीण,
मेंगान

ता.क. — एक सांगायचं राहिलं. सिनेमातल्या मेलेल्या बापाचा जो फोटो भिंतीवर होता, तो तुझा. तुझ्या लग्नातला, त्यात तू बरा दिसतोस. ऐन वेळी दुसरा सापडेना. तेव्हा सिनेमात तू वारला आहेस आणि अठ्ठावीस दारांनी तुझ्यासमोर डोळे पुसले आहेत. जिवंत माणसाचं असं होणं चांगलं नाही, हे तुलाही माहीत आहे. आम्ही लगेच कोंबडी कापली. हे वाचल्याबरोबर तू लोखंडाचा तुकडा दाताखाली धरून चाव, म्हणजे आत्मा घट्ट राहील. पण मंत्र म्हणणारे म्हणतात, एवढ्यानं भागणार नाही. माणसानं स्वतः येऊन गवाईला ओसरीवर बसलं पाहिजे, सगळ्यांदेखत जेवलं पाहिजे. नऊ गवाया तू आला नाहीस. आता आत्म्याचा प्रश्न आहे.

आणखी ता.क. — मंत्र म्हणणारे तसं काही म्हणाले नाहीत. कोंबडी पुरे, म्हणाले. आणि दुसरा फोटो ट्रंकेत होता. जारानं हे पत्र वाचलं. ती म्हणते, “आत्या, ही शेवटची ओळ खोडून टाक, नाहीतर बाबा येणार नाहीत.” मी खोडली नाही. तिची आणि तुझी ओळख अजून नवी आहे, माझी जुनी.