पूजेची गाडी

बाबा, धाकटा आज सकाळी पुन्हा खामगावला गेला आहे, भंगारवाल्यांच्या दुकानांत. तो काय शोधतो ते मला ठाऊक आहे, आणि ते मिळणार नाही हेही ठाऊक आहे. घरात हे कोणाशी बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या उंद्री गावात तुम्हाला गाडीवर बसलेलं पाहिलेली माणसंही आता फार उरली नाहीत.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा तुम्ही लष्कराच्या लिलावातल्या दोन विलायती मोटारसायकली बैलगाडीत आडव्या घालून आणल्या होत्या. दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या. त्यातली एक चालती होती, दुसरीचं इंजिन गेलेलं. आई दारातूनच म्हणाली होती, "एक बैल घ्याले गेले आन् मेलेला संग घेऊन आले." तुम्ही हसलात. भाजीवाल्या माणसाला मोटारसायकल कशाला, असं गावातल्या शहाण्यांचं मत होतं. पण ती लढाईसाठी बनवलेली गाडी. डांबरी रस्ता असो की नांगरलेलं वावर, तिला सगळं सारखंच. श्रावणात आपल्या वाटेवरच्या काळ्या मातीत बैलगाड्या आसापर्यंत रुतायच्या आणि तुम्ही दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत मेथी-सांबाराच्या जुड्या भरून, मागे वांग्यांचं पोतं बांधून खामगावच्या बाजारात सगळ्यांच्या आधी हजर. मग शहाण्यांचं मत बदललं. मत बदलायला त्यांना वेळ लागत नाही.

पण तिचे पार्ट मिळत नव्हते. विलायतेचा माल येणं बंद झालेलं, आणि अकोल्याचा दुकानदार नाव ऐकूनच हात जोडायचा. तुम्ही जिनिंगच्या यंत्राची साखळी तोडून गाडीला बसवलीत, यंत्राच्या जुन्या पट्ट्याचं कातडं ब्रेकला लावलंत, क्लचमध्ये बाटल्यांची बुचं कापून घातलीत. जिथे काहीच चालत नसे तिथे गोठ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या गाडीकडे जायचं. तिच्यातून चांगला पार्ट काढायचा, चालतीला लावायचा, आणि चालतीचा झिजलेला पार्ट लगेच हिच्या अंगात तिथल्या तिथे कसून टाकायचा. मी कॉलेज सोडून घरी बसलो होतो त्या वर्षी तुम्ही मला तिचं कार्बोरेटर काढून आणायला सांगितलं होतं. मी काढून आणतो. तुम्ही हात पुसता, माझ्याकडे बघता आणि म्हणता, "आपलं जुनं कुठी हाय? लावलं नाही? तिचं पोट उघडं टाकून आला काय बे?" मी म्हणतो, मेलेल्या गाडीला काय फरक पडतो. त्यावर तुम्ही ज्या आवाजात बोललात तो आवाज मी नंतर फक्त एकदाच ऐकला. "जिच्यातून घेतलं तिले नागवं काऊन ठेवतं? भोकात उंदरं शिरतीन, ते येगळं. पण आधी लाजेची गोष्ट हाय." मी परत गेलो आणि लावून आलो. असं करता करता, बाबा, तुमच्या चालत्या गाडीत दोन्हींचा चांगला जीव गोळा झाला आणि दोन्हींचं म्हातारपण ताडपत्रीखाली.

आणि दसऱ्याला पूजा त्या बंद गाडीची. विळे, खुरपी, मोटेचा नाडा पाटावर मांडलेला, आणि मध्ये ती धुऊन पुसून, तेलाचा हात फिरवून, झेंडूची माळ घालून उभी. चालती बाहेर चिखलाने बरबटलेली, दिव्याच्या काचेजागी पत्रा ठोकलेली, भिंतीला टेकून. आईने एकदा विचारलंच की ही उलटी तऱ्हा कशी. तुम्ही हळद लावत लावत म्हणालात, "पूजा देणाऱ्याची असते, धावणाऱ्याची नाही." त्या वेळी मला ते फार आवडलं होतं. आता ते वाक्य मला आठवायलाही नको वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकोल्याला नोकरीवर होतो. शेवटच्या आजारात तुम्हाला लहान पोरासारखं उचलून उन्हात बसवणारा, चमच्याने पेज भरवणारा धाकटा होता. त्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं. तुम्ही त्याच्या हातात कधी पाना दिला नाहीत. "त्याचा हात वाफ्यात चांगला," म्हणायचात, आणि ते खरंच होतं. तुमच्यामागे दोन्ही गाड्या कितीतरी दिवस उभ्या राहिल्या. गोठ्यात जागा हवी झाली तेव्हा त्याने दोन्हींना किका मारून पाहिल्या. एकही सुरू झाली नाही. मग डोळ्यांना दिसलं त्यावर त्याने ठरवलं: बाहेरची धावून झिजलेली, पूजेतली जपलेली. मी दसऱ्याला घरी आलो, तर त्याने मला हाताला धरून गोठ्यात नेलं. गाडी लखलखत होती, माळ घातलेली. "पाह्य दादा, बाबाची पूजेची गाडी. जिवापाड जपली. ते बाहेरचं खटारं भंगारात देऊन टाकलं." त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी फक्त "चांगलं केलंस" म्हणालो.

भंगारवाल्याने ती गाडी त्याच आठवड्यात फोडून भट्टीला पाठवली होती, हे मी दुसऱ्याच दिवशी जाऊन विचारून आलो. परत येताना एकच गोष्ट डोक्यात होती: धाकट्याला हे कळता कामा नये. ज्याने तुमचं हगणं-मुतणं काढलं, त्याच्याच हातून तुमची गाडी मोडीत जावी, हे त्याला पेललं नसतं. यावर एकच उपाय होता, ही उरलेली गाडी चालती करायची. एकदा फटफट करत ती रस्त्याला लागली की कोण विचारतो कुठली राहिली नि कुठली गेली. मग माझी वणवण सुरू झाली. प्रत्येक सुट्टीत मी तिचं काहीतरी पिशवीत घालून हिंडलो. खामगावच्या तुमच्या त्या लेथवाल्या मिस्त्रीने सिलेंडर घासून दिला, पिस्टनला पाणी उपसायच्या इंजिनाच्या रिंगा कापून बसवल्या. गिअर मात्र त्याने उजेडात धरून फिरवून पाहिला. दात गोल झालेले, चिंचोक्यांसारखे. "भाऊ, हे तुमच्या बाबानं खाऊन सोडलेलं हाय सारं. मी दात भरून देतो, पण लोखंडात दम नाही राह्यला." मी म्हणालो, भरून द्या. दुसरं काय म्हणणार होतो?

एका उन्हाळ्यात दुपारी ती सुरू झाली. धूर, कालवा, गल्लीतली पोरं जमली. धाकटा वावरातून धावत आला, पायाला चिखल, आणि रडायलाच लागला. "बाबा आले रे, बाबा आले!" आई चुलीपुढून उठून दारात आली. डोळ्यांना तिला तेव्हाच फारसं दिसत नव्हतं. ती चौकटीला हात धरून ऐकत राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोलू नको, बोलू नको. ती म्हणाली, "हे त्यायची नोहे. त्यायची कुठी हाय?" आणि धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी गाडी पुढे घेतली, नुसतं त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून. पहिल्याच झटक्याला गिअरचे भरलेले दात तुटले. पेटी आतून करकरली आणि सगळं बंद पडलं. तेव्हा त्याने विचारलं, "दादा, मी कोणती देल्ली?" तुमच्या रागाचा तो आवाज मी दुसऱ्यांदा ऐकला तो तेव्हा, त्याच्या तोंडून, आणि तो राग त्याचा स्वतःवरच होता.

बाबा, मला तुमचा राग येतो. इतका राग बापाचा येऊ नये. तुम्ही त्या मेलेल्या गाडीला एवढी लाज कशाला राखलीत? तिचं पोट उघडं ठेवलं असतंत तर आंधळ्यालाही कळलं असतं की ती फक्त सांगाडा आहे. झिजलेलं सगळं नीट बसवून, पुसून, माळ घालून ठेवलंत आणि दोन पोरांपैकी एकालाच त्यातलं सांगितलंत. दुसऱ्याने फक्त तुमची पूजा पाहिली आणि त्यावर विश्वास ठेवला. वेड्यासारखा होऊन गेला आहे तो. वाफे सुकतात, भाजी जून होते, आणि हा बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन भंगाराचे ढीग उपसत बसतो. आई गेली तेव्हाही तो खामगावातच होता. मी त्याला किती वेळा सांगितलं की ती वितळली, तिचे आता कुठे तवे, कुठे फाळ झाले असतील. तो ऐकून घेतो आणि पुढच्या बाजाराला जातो.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, तो सगळं उचकतो. शाई वाळली की चुलीत घालीन. त्याआधी एवढंच सांगतो. मागच्या बाजाराला तो लवकर घरी आला. पदराखाली मूल धरावं तसं धोतराच्या सोग्यात धरून त्याने पेट्रोलच्या टाकीचं एक झाकण आणलं होतं. राख लावून घासून ते त्याने माझ्या हातावर ठेवलं. "दादा, हे बाबाच्या गाडीचं हाय ना? तू ओळखतं. सांग ना." ते कुठल्याशा ट्रॅक्टरचं होतं, बाबा. आपल्या टाकीच्या तोंडाहून दुप्पट मोठं. मी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणालो, हो, त्यांचंच आहे.

त्या दिवशी तो पोटभर जेवला. आणि आज सकाळी, बाकीची गाडी आणायला म्हणून, बैल जुंपून गेला.