टरबुजाच्या वाडीवरून

४ एप्रिल १९५६

यशवंतराव साहेब परत आले. हैदराबादेत रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी ऊन तापलं की त्यांना आमची गोदावरी आठवते. डोंगा मी चालवायचा, डोह मी दाखवायचा, गळ त्यांनी टाकायचा. पहिल्याच दिवशी हातभर मरळ!

दुपारी पाणी इतकं निवांत होतं की डोंगा पाण्यात आहे का आभाळात, समजेना.

१७ एप्रिल

साहेबांची भाकर प्रयागबाईकडून आणतो. नदीच्या वाळूत तिची टरबुजाची वाडी आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, एकटीच राबते. आज भाकर घेतली अन् तिथंच बसून राहिलो. तिनं टरबूज कापलं. मी वाऱ्याबद्दल बोललो — दुसरं काही सुचलंच नाही. माझी घरवाली कौशल्या गेल्यापासून बायकांशी बोलायची सवयच मोडली.

१८ एप्रिल

नुसता उकाडा. एक मासा नाही. तरी दिवस चांगला गेला.

२६ मे

सकाळी लख्ख ऊन होतं. पण मासा एकाएकी गळाला तोंड लावीना. पाण्याला मातीचा वास आला, मग फेस दिसला. वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला होता! मी डोंगा वळवला. साहेब चिडले, आभाळ तर कोरडं आहे म्हणाले. मी ऐकलं नाही. त्यांना काठावर उतरवलं अन् वाडीकडं पळालो. प्रयागबाई वेल सोडून यायला तयार होईना. हाताला धरून ओढत वर आणलं. मागं पाणी आलंच. वाडी डोळ्यांदेखत गेली.

किती वेळ बघत उभे होतो कोण जाणे. तिचा हात मी सोडला नव्हता. तिनंही सोडवून घेतला नव्हता.

१४ जून

तिचा भाऊ केशवराव धर्माबादहून बैलगाडी घेऊन आला. त्याचं म्हणणं, आपला हा मुधोळ तालुका आंध्रात जाऊन राह्यला, धर्माबाद मराठी मुलखात. वाडीही गेली, मग बहिणीला इथं एकटी काऊन ठेवू? गाडीत बसण्याआधी ती माझ्यापाशी थांबली.

"काही सांगायचं हाय का?"

मी म्हणालो, चार दिवसांत पाऊस येईल.

गाडी गेली. मूर्ख मी!

२० ऑगस्ट

नदी दोन्ही थड्या भरून. डोंगा पालथा घातलाय. डोळा लागला की वाळू दिसते, वाळूत हिरवे वेल, अन् ती वाकलेली. मी हाक मारतो, आवाज निघत नाही.

१ नोव्हेंबर

काल नांदेड जिल्ह्यात झोपलो, आज आदिलाबाद जिल्ह्यात उठलो. चावडीवर तेलुगू कागद लागला. कोणालाच वाचता येईना. मी नदीवर गेलो. पाणी निवळून राह्यलं.

१९ नोव्हेंबर

सकाळी प्रयागबाई दारात. एकटीच, पायी आलेली. गाठोडं खाली ठेवलं अन् म्हणाली, "भावाला सांगून आली. पाट लावून घरात घेता का न्हाई, ते आता सांगा."

हो म्हणालो. शेजारच्या घरातही ऐकू गेलं म्हणतात.