आज काय ऐकलं

कर्वेनगर, पुणे
९ जानेवारी २०००

चि. प्रियदर्शनीस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा आईने रिसीव्हर माझ्या कानाला लावला आणि मी आपला प्रत्येक गोष्टीला हो म्हणत राहिलो. नंतर कळले की अमेरिकेत फार एकटे वाटते, असे तू सांगत होतीस. तेव्हा यापुढे फोन तुम्हा मायलेकींचा आणि पत्र आपले. जन्मभर टपाल खात्यात नोकरी केली, त्यामुळे खात्यावर माझा विश्वास फारसा नाही. पण टेलिफोनपेक्षा ते बरे आहे.

एक जानेवारीला जगभरचे संगणक बंद पडतील म्हणून तुमच्या कंपनीने तुला न्यू जर्सीला नेले. ते चालू राहिले आणि इकडे माझे कान बंद पडत चालले. डॉक्टरांनी दिलेले यंत्र लावून पाहिले. शेजारच्यांचा मिक्सर त्यातून झकास ऐकू येतो. माझी पेटी मात्र पत्र्याच्या डब्यात घालून वाजवल्यासारखी वाटते. यंत्र कपाटात ठेवले आहे.

रोज जेवणानंतर मी वहीत 'आज काय ऐकलं' ते लिहितो, हे तू लहानपणापासून पाहतेस. रेडिओ, मंडळाची तालीम, वारज्याच्या वरातीतला बँड, सगळे त्यात आहे. आता लिहायला फारसे काही कानावर पडत नाही. म्हणून तू ऐक आणि लिहून पाठव, मी वाचतो. अट एकच. छान, सुंदर, अप्रतिम हे शब्द चालणार नाहीत. गाण्याने तुझे काय केले ते लिही.

लेक विमानाने कामाला गेली, हे मंडईतल्या भाजीवालीपर्यंत सर्वांना सांगून झाले आहे. सांगणारी आई, मी नुसता पिशवी धरून उभा होतो.

तब्येतीस जप. माया आहे ती पत्रागणिक वाढू दे.
तुझा,
बाबा

न्यू जर्सी
३० जानेवारी २०००

प्रिय बाबा,
सविनय जय भीम. वि. वि.

पहिल्या काही नोंदी फाडून टाकल्या, कारण सगळ्यांत छान होतं. ते काढलं की पान कोरंच राहायचं. शेवटी ही एक जमली आहे, ती पाठवते.

शनिवार. माझी मैत्रीण पूर्वा, कोथरूडची, तिच्या गाडीत सारंगीची सीडी लावली होती. बाहेर बर्फ. आलाप चालू असताना मी हीटरवर टाकलेले मोजे वाळले असतील का, याचा विचार करत होते. मग सारंगी एका सुरावर येऊन थांबली आणि तिथून हलेचना. मी मोजे विसरले. पूर्वा वळायचं विसरली, आणि आम्ही भलत्याच गावात पोचलो.

दुसरी गोष्ट सांगू की नको, असं झालं होतं. इथे एकांच्या तळघरात मराठी मंडळींची मैफल होती. शेजारच्या बाईंनी माझं आडनाव विचारलं. तायडे म्हटल्यावर थोडं थांबून म्हणाल्या की तुम्हालाही शास्त्रीय संगीत आवडतं, हे पाहून बरं वाटलं. तो 'तुम्हालाही' मला चांगलाच लागला. मी त्यांना सांगितलं की आमच्या घरी माझ्या जन्माच्या आधीपासून ऐकलेल्या गाण्याची रोजनिशी लिहिली जाते. तुमच्याकडे कोण लिहितं? त्यांनी समोसा घेतला.

आईला सांगा की मी जेवते. तिचा विश्वास बसणार नाही, तरी सांगा. आपली माया असू द्या, आणि नोंदीला मार्क द्या.
आपली,
प्रियदर्शनी

कर्वेनगर, पुणे
२० फेब्रुवारी २०००

चि. प्रियदर्शनीस,
जय भीम, अनेक आशीर्वाद. वि. वि.

सारंगीची नोंद दोनदा वाचली. एकदा माझ्यासाठी आणि एकदा आमच्या भीमगीत मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांना ऐकवण्यासाठी. मार्क मी कोणाला देत नाही. पण त्या बाईंना दिलेले उत्तर मी विहारात मोठ्याने वाचून दाखवले. ऐकू येत नसल्यामुळे जरा जास्तच मोठ्याने वाचले गेले असावे.

आता दुसरे. जयंतीच्या कार्यक्रमाची तालीम होती. आपला अनंत काळी दोनमध्ये गातो. मी त्याचे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत पांढरी दोनमध्ये वाजवले, म्हणजे पूर्ण एक पट्टी खाली. मला सगळे बरोबर ऐकू येत होते, कारण मी मनातलेच ऐकत होतो. आदरापोटी कोणी बोलले नाही. तबलजी सतरंजीकडे पाहत होता, तेव्हा मला शंका आली. घरी आल्यावर आई म्हणाली की पहिल्या ओळीलाच पट्टी एकने चुकली होती, आणि पुढे अनंत रंगात येऊन एक पट्टी चढला तेव्हा दोनने. मग तिथेच का सांगितले नाहीस, असे विचारले, तर म्हणे मला कोणी विचारले होते.

चौदा एप्रिलला मी पेटीवर बसणार नाही, असे आप्पासाहेबांना कळवले आहे. त्यांनी फार आग्रह केला नाही. रोजनिशीही बंद केली. वाईट वाटते, ते लपवण्यात अर्थ नाही. तू मात्र लिहीत राहा.

तुझ्यावर लोभ आहेच.
बाबा

न्यू जर्सी
५ मार्च २०००

प्रिय बाबा,
सविनय जय भीम. वि. वि.

आज थोडी रागावून लिहिते आहे, माफ करा. तुमचं पत्र वाचून आधी रडले आणि मग मला त्यातली खरी बातमी दिसली. मागे बायकांत बसलेल्या आईला पट्टी कळली, अनंतकाका किती चढले तेही कळलं. बाबा, तुमच्या इतक्या वर्षांच्या रोजनिशीत आईने काय ऐकलं याची एक तरी ओळ आहे का? मी वह्या वाचल्या आहेत. नाही.

तुम्ही घरी पेटी घेऊन बसलात आणि बोट चुकलं की आईचं लाटणं थांबायचं. तुम्ही सुधारलंत की पोळी पुढे सरकायची. मला वाटायचं, ती दमते म्हणून थांबते.

तिला तुमच्या मागे बसवा. हात खांद्यावर ठेवू दे. उजवा खांदा दाबला की एक पट्टी वर, डावा दाबला की खाली. विहारात बायका मागे बसतात असं आप्पासाहेब म्हणतील. आपण ज्यांची जयंती करतो त्यांनी असं कधी सांगितलं होतं का, ते त्यांना विचारा.

काम जूनपर्यंत आहे, मला येता येणार नाही. मला चौदा एप्रिलची नोंद हवी आहे, आणि तिच्यात तुमची पेटी हवी आहे. बाकी लोभ आहेच, तो मी या अटीवर ठेवते आहे.
आपली,
प्रियदर्शनी

कर्वेनगर, पुणे
१६ एप्रिल २०००

चि. प्रियदर्शनीला,
जय भीम आणि खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. फोनवरच सांगणार होते; पण यांचं म्हणणं, नोंद लिहूनच गेली पाहिजे आणि ती मीच लिहायला हवी.

तुझं पत्र आल्यावर हे दोन दिवस जुन्या वह्या चाळत बसले. मग मंडईतून येताना एक बँड गेला, तेव्हा यांनी मला विचारलं की तुला काय ऐकू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न पहिल्यांदाच आला. मी यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, क्लॅरिनेटवाल्याचा दम पुरत नाही, तो ओळीचा शेवट गिळतो. हे रस्त्यातच थांबले. मागून रिक्षावाला काय बोलला ते यांना ऐकू आलं नाही, ते एक बरं झालं.

त्यानंतर रोज घरी तालीम. आधी माझा हात जड पडायचा, मग हे दोन पट्ट्या उडी मारायचे. आप्पासाहेबांनी नाक मुरडलं. यांनी सरळ सांगितलं की जया बसेल तर मी बसेन, नाहीतर पेटीला दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस आहे कुठे?

चौदा तारखेला मैदान भरलं होतं. मी नवी पांढरी साडी नेसले होते आणि घाबरले होते. पहिली गाणी सरळ गेली. मग अनंतभाऊंना लोकांनी डोक्यावर घेतलं आणि कडव्याच्या मध्येच ते एकदम एक पट्टी वर गेले, कोणाला न सांगता. मी उजवा खांदा दाबला. यांची बोटं तिथल्या तिथे सरकली. ओळ तुटली नाही, तबला अडखळला नाही. पुढच्या लोकांना काही कळलंच नाही. अनंतभाऊंना कळलं, त्यांनी गाता गाता वळून यांच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्या वेळी मला जे वाटलं तसं तुझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी वाटलं होतं, आणि त्याच्याहून थोडं जास्त. हे तुलाच लिहिते, यांना सांगू नकोस.

शेवटी निवेदक यांचं नाव घेऊन कौतुक करायला लागला. हे उठले, माईक मागून घेतला आणि म्हणाले की पेटीवर बोटं माझी होती, कान सत्यशीलाच्या सुनेचे, जया तायडे यांचे होते. सासूबाईंचं नाव का घेतलं, ते मला नंतर कळलं. त्या जात्यावर गायच्या आणि त्यांचं गाणं कोणी लिहून ठेवलं नाही, असं हे घरी आल्यावर म्हणाले.

काल मंडळाचा निरोप आला. बुद्धपौर्णिमेच्या तालमीला वेळेवर हजर राहावे. चिठ्ठीवर माझं नाव आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की येताना तायडेसाहेबांनाही घेऊन यावे.

जेवत जा. माझ्यावर लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी आई,
जया