खांद्याला लावलेलं दाताचं यंत्र

ती. ताईस,

तोंड लपवून का होईना, पण वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

तुझ्या लेकीने माझ्या जबड्यात स्क्रू बसवून तीन महिने झाले. (त्यावर पुढे दात बसायचा आहे.) हाड लवकर भरावं म्हणून तिने एक छोटं यंत्र दिलं. रोज पाच मिनिटं दातांत धरायचं, ते बारीक थरथरतं आणि त्याने म्हणे हाडाला बळ येतं. पहिल्याच दिवशी लाळ शर्टावर, डोक्यात घूं घूं, आणि नेमकी सूनबाई समोर. मी हातवाऱ्यांनी "काही नाही" म्हणालो, तर तिने मला झटका आलाय समजून मुलाला ऑफिसातून बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी ते यंत्र खांद्याला लावू लागलो. (उजवा, लहानपणी तू झाडावरून ओढलास तेव्हापासून दुखतो तोच.) काय सांगू, स्वर्गसुख! एक दिवस चुकवला नाही.

घोळ असा, की ते यंत्र दिवस मोजतं. परवा तपासणीला गेलो, तर नव्वदपैकी नव्वद. तुझ्या लेकीने बाहेरच्या पेशंटांना ओरडून सांगितलं, "बघा, हे माझे मामा! याला म्हणतात शिस्त." सगळे कौतुकाने माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे. मग एक्स-रे आला. हाड जेमतेम, स्क्रू हलतोय. पोरीचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही सगळं नीट केलंत. म्हणजे माझाच हात चुकला." आता ती हे स्क्रू बसवायचं काम सोडणार म्हणते, पुढचे पेशंट मोठ्या डॉक्टरांकडे पाठवणार. आणि मी, तिचा सख्खा मामा, घसा खाकरून "बघू" म्हणालो आणि चपला घालून निघालो. ताई, मला माझीच लाज वाटते.

तुझा,
नव्वद दिवस शिस्तीत वागलेला भाऊ

ता. क. : लहानपणी माझे उद्योग घरात तूच कबूल करायचीस. एवढा एक शेवटचा तिला सांगशील?

ता. क. २ : नको. सोमवारी सकाळी मीच जातो. तू फक्त बाहेरच्या बाकावर येऊन बस. पेशंट असले तर असू देत. कौतुक सगळ्यांसमोर झालं, हेही सगळ्यांसमोरच होऊ दे.

ता. क. ३ : खांदा मात्र ठणठणीत झालाय. हे मी सांगणार नाही. ती पुन्हा हसायला लागली, की तू सांग.