पहिला घास सुनेचा

एल्मिना, १४ ऑगस्ट

प्रिय झिफाताई,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेले आपल्या केटाचे कांदे पोचले, पण मी ते अजून स्वयंपाकात घातलेले नाहीत. सासूबाई विचारतात, "कुठून आले? कुणाकुणाचे हात लागलेत यांना?" आईला यातलं काही सांगू नकोस. माझा एबो मासेमारीच्या बोटीवर गेलाय, महिनाअखेरीस येईल. तोवर घरात आम्ही दोघीच.

त्यांची छाती जळते हे तुला मागे लिहिलं होतंच. आंबट पाणी घशाशी येतं, सकाळी आवाज बसलेला असतो. शेजारणीने त्यांचे कान भरले की घरातलंच कुणीतरी अन्नात काही घालतंय. घरात परकी मी एकटी. आपल्या, व्होल्टा नदीपलीकडच्या मुली करणी करतात, विष घालतात असं इथे बोलतात, ते तुला ठाऊक आहे. तेव्हापासून वाढून झालं की त्या ताट माझ्यापुढे सरकवतात. "पहिला घास तू घे." मी घेते. तो घास गळ्याखाली उतरेपर्यंत त्यांची नजर हलत नाही.

आणि मग माझीही छाती जळायला लागली.

हसू नकोस. मला वाटलं, ताट सरकवताना त्याच काहीतरी भुरभुरवतात. त्यांच्या कमरेच्या गाठीत एक डबी असते. त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी ती उघडली. आत पांढऱ्या गोळ्या, कशावरही नाव नाही. मग मी बेत केला. पहिला घास गिळल्यासारखं दाखवून गालात धरायचा, मागच्या दारी जाऊन थुंकायचा आणि नाक्यावरचा उकडलेला सुरण खायचा. तरी जळजळ होतीच. तेव्हा मी म्हटलं, पाण्यात असेल. संशय एकदा घरात शिरला की त्याला बसायला जागा सापडतेच, ताई.

परवा मासे धुरावणाऱ्या भट्टीपाशी त्या छाती धरून खाली बसल्या. मी टॅक्सी आणली. आत बसता बसता चालकाला म्हणाल्या, "बाबा, मी मेले तर हिचा चेहरा नीट ध्यानात ठेव." तो सगळी वाट आरशातून माझ्याकडेच बघत होता.

छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात आधी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. मग डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, रात्री काय जेवता?"

"थोडंसंच. आंबवलेल्या मक्याचे दोन केंके, तळलेला मासा, मिरचीचा ठेचा."

"आणि नंतर?"

"नंतर काय? दिवसभर भट्टीपुढे उभी असते. आडवी होते."

डबीही बाहेर निघाली. गुडघ्यांसाठी बाजारातून सुट्या घेतलेल्या गोळ्या, त्याही उपाशीपोटी. डॉक्टर म्हणाले, अन्ननळी जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. ते सैल पडलं की जठरातलं आम्ल उलटं वर चढतं. भरल्या पोटी आडवं झालं, कमरेला कापड करकचून बांधलं की आणखीच. आंबवलेलं आणि तिखट सोसत नसेल तर तेही कमी करायचं. त्या गोळ्या तर पोट आतून सोलतात.

"म्हणजे कुणी काही घातलेलं नाही?" सासूबाईंनी दोनदा विचारलं.

"घातलंत ते तुम्हीच, मावशी."

त्यांना औषध लिहून दिलं. लवकर आणि थोडं जेवायचं, झोपण्याआधी तीन तास जाऊ द्यायचे, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या, डाव्या कुशीवर निजायचं. मी मान हलवत ऐकत होते. तेवढ्यात मलाच आंबट ढेकर आली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हालाही होतं? पाळी कधी आली होती?"

ताई, तिसरा महिना सरत आलाय. तुलाही कळवलं नव्हतं. गरोदरपणात ते कडं आपोआप ढिलं पडतं म्हणे. मला काहीही बाधलेलं नव्हतं.

का लपवलं ते विचारशील. गेल्या वर्षी पोटातलं गेलं, त्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला कसलासा काढा दिला होता. मी कुणाजवळ बोलले नाही. एबोजवळही नाही. त्या काढ्याबद्दल डॉक्टरांना विचारायची संधी परवा होती, पण शेजारी त्या बसल्या होत्या.

परतताना किल्ल्याच्या वळणावर त्या म्हणाल्या, "विष आहे असं वाटत होतं, आणि तरी मी तुला पहिला घास खायला लावत होते." पाहिलं तर डोळे भरलेले. ते माझ्यासाठी की पोटातल्या पोरासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज त्यांनी दोन्ही पलंगांखाली विटा लावून घेतल्या. मग म्हणाल्या, "तो काढा आल्याचा होता. तुला मळमळत होतं म्हणून." मी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या. म्हणजे माझ्या मनात काय आहे ते वर्षभर त्यांना माहीत होतं.

खरं असेल. आल्याच्या काढ्याने गर्भ जाऊ शकतो का, हे तू तिकडच्या सुईणीला विचार, आणि उत्तर काहीही असलं तरी मला खरं तेच कळव. मला या बाईवर विश्वास ठेवायचा आहे.

तुझी धाकटी,
एसिनाम